बडोद्यात राहून धर्माचा विद्यापीठीय अभ्यास: एम.ए. कशात करावं?

टीवाय_रावपुरा

नमस्कार मंडळी. सयाजीराव विद्यापीठात इतिहास घेऊन टी.वाय.ला आहे. पुढे धर्म हाच विषय धरायचा विचार आहे. पौरोहित्य किंवा प्रवचन नव्हे. ग्रंथ कसे तयार होतात, देवस्थानं कशी उभी राहतात, संप्रदाय कसे फुटतात, हे. डोक्यात दोन गोष्टी आहेत: बडोद्यातली मराठी देवस्थानं आणि गुजरातेतला जैन धर्म. संस्कृत दहावीपर्यंतचं, गुजराती नीट वाचता येतं, मोडी येत नाही.

एम.ए. कशात करू? संस्कृतशिवाय भागेल का? नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) कोणता विषय घ्यायचा? आणि बडोदं सोडावंच लागेल का?

पोथीपान

‘धर्म’ अशी पाटी असलेला विभाग शोधत बसू नका. देशात असे विभाग मोजकेच. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, तो या क्षेत्रातला आद्य मानतात. शांतिनिकेतनात तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्म एकाच विभागात आहेत. मद्रास विद्यापीठात जैनविद्या, वैष्णव, शैव सिद्धांत, ख्रिस्ती अध्ययन असे वेगवेगळे विभाग, पुण्यात पाली आणि बौद्ध अध्ययन, लाडनूंला जैन विश्वभारती. बनारसला २०२२ पासून हिंदू अध्ययनाचं एम.ए. आहे.

बाकी सगळीकडे हा विषय तत्त्वज्ञान, संस्कृत, इतिहास आणि समाजशास्त्रात विभागलेला आहे. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि त्या कलमाची धास्ती विद्यापीठांना कायम राहिली. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या शिकवणुकीचा शैक्षणिक अभ्यास आणि धार्मिक शिक्षण यांत स्पष्ट फरक केला. २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणातही धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही असंच म्हटलं. घरी किंवा मुलाखतीत ‘हे चालतं का?’ असं कुणी विचारलं तर हे दोन निकाल पुरेत.

बडोदं सोडायची घाई करू नका. तुमच्याच कला शाखेत तत्त्वज्ञान, संस्कृत-पाली-प्राकृत, फारसी-अरबी-उर्दू, मराठी, समाजशास्त्र, शिवाय पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहास आहे. एवढं एका आवारात फार ठिकाणी मिळत नाही. माझं मत: एम.ए. तत्त्वज्ञानात करा, संस्कृत बाहेरून चालू ठेवा.

नेटबद्दल. ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६२. ‘बौद्ध, जैन, गांधी आणि शांतता अध्ययन’ ६०. हिंदू अध्ययन १०२. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, दोन्ही मिळून सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एम.ए.ला खुल्या वर्गात ५५ टक्के लागतात. जून २०२४ पासून याच गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही होतो. जे.आर.एफ. (संशोधनाची शिष्यवृत्ती) न मिळालेल्यांसाठी ७० टक्के भार परीक्षेचा, ३० टक्के मुलाखतीचा, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. मार्गदर्शक न ठरवता नेट दिली की ते वर्ष शोधाशोधीतच जातं. आणखी एक: ६२ घेतलात तर नोकरीच्या जाहिराती थोड्या. प्राध्यापकीच डोळ्यांपुढे असेल तर एम.ए.च्याच विषयात नेट द्या.

देवनीमोरी

पोथीपान, बाकी सगळं मान्य, पण तत्त्वज्ञानाला जा हे काही पटत नाही. या मुलाचे, किंवा मुलीचे, दोन्ही विषय बघा. देवस्थानं आणि गुजरातेतला जैन धर्म. दोन्हींत साधनं आहेत पोथ्या, शिलालेख, मूर्ती आणि दप्तर, म्हणजे जुने कारभारी कागद. तत्त्वज्ञानाच्या एम.ए.त प्रमाणविचार (ज्ञान खरं कशावरून, याची चर्चा) शिकवतील, पोथीचं पान वाचायला शिकवणार नाहीत. अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचायचे पेपर किती आहेत ते मोजा. चार सत्रांत असे दोन पेपरही नसतील तर तो विभाग या कामाचा नाही, नाव काहीही असो.

संस्कृतशिवाय भागेल का, याचं उत्तर साधनांवर ठरतं. जैन धर्म म्हटलं की संस्कृत आणि प्राकृत दोन्ही लागणार. भांडारकरांची दोन पाठ्यपुस्तकं, मार्गोपदेशिका आणि मंदिरान्तःप्रवेशिका, रोज तासभर धरली तर वर्षभरात पुरी होतात, गुजरातीतूनही मिळतात. त्यानंतर प्राकृत एका सत्रात वाचण्याइतपत येतं. उलट क्रमाने गेलात तर प्राकृतातले जोडाक्षरांचे बदल पाठ करावे लागतात आणि महिन्यात विसरतात.

बडोद्यात आहात तर प्राच्यविद्या मंदिराचा उपयोग करून घ्या. १९२७ ची संस्था, आणि गायकवाड प्राच्य ग्रंथमाला त्याच्याही आधीची, १९१६ ची. इथेच वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती (अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ) झाली, सात कांडं, १९६० ते १९७५. धर्माच्या विद्यार्थ्याने ती एकदा तरी समोर उघडून बसावं. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेला पाठ असतो, खाली बारीक टाइपात पाठभेद. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, प्रत्येक लिपीतल्या पोथ्यांना एकेक अक्षरखूण आणि क्रमांक. काही पोथ्यांतच सापडणारे जादा श्लोक तारांकित करून खाली टाकलेले, आणि लांब प्रकरणं परिशिष्टात.

नवशिका फक्त वरचा भाग वाचतो आणि ‘मूळ रामायणात हे नाही’ म्हणून मोकळा होतो. धर्माच्या अभ्यासाचं अर्धं धन खालच्या भागात असतं. एखादी स्तुती फक्त बंगाली आणि मैथिली पोथ्यांत असेल तर ती प्रक्षिप्त (मागाहून घातलेली) म्हणून सोडून द्यायची नाही. ती कुठल्या प्रदेशात, कुणाला, कशासाठी हवी होती, हा तुमचा प्रश्न. उलटही होतं. अहल्या शिळा झाली हे घरोघरी माहीत, पण वाल्मीकींच्या बालकांडात ती वाऱ्यावर जगत, राखेत पडून, कुणालाही न दिसता आश्रमात राहते, शिळा होत नाही. लक्ष्मणरेषा तर वाल्मीकीत नाहीच. म्हणून लोकांची श्रद्धा खोटी ठरत नाही. ती दुसऱ्या ग्रंथांतून, कीर्तनांतून आली, एवढंच कळतं, आणि ती वाट शोधणं हा पुरेसा मोठा विषय आहे.

जैन विषय घेतलात तर सयाजीबागेतल्या संग्रहालयातले अकोट्याच्या कांस्यमूर्ती बघा. अकोटा आता शहरातच आलंय. १९५१ मध्ये तो साठा उजेडात आला, उमाकांत शाहांनी त्याचा अभ्यास १९५९ ला छापला. त्यात जीवंतस्वामीची मूर्ती आहे: मुकुट, दागिने घातलेला महावीर, म्हणजे दीक्षेआधीचा राजपुत्र. तीर्थंकर म्हणजे निराभरण, असं पाठ्यपुस्तकातून शिकून आलेल्याला ही मूर्ती ओळखताच येत नाही. काही मूर्तींच्या मागे किंवा पीठावर लेख आहेत, दात्याचं नाव, कुल, आचार्य. जिनभद्र वाचनाचार्यांचं नाव असंच मूर्तीवरच्या लेखातून मिळालं. मूर्तीचा फोटो काढताना लोक समोरून काढतात आणि घरी जातात. पाठ आणि पीठाच्या चारही बाजू बघितल्याशिवाय मूर्ती ‘पाहिली’ म्हणू नका. परवानगी अर्थात आधी घ्यायची.

टीवाय_रावपुरा

देवनीमोरी, मनापासून आभार. मुलगीच आहे. पोथीपान काका, तुमचंही नेटचं गणित लगेच लिहून घेतलं.

मला देवस्थानांकडे जास्त ओढा वाटतोय. पण त्यात ग्रंथ कुठले? आणि तिथे जाऊन लोकांशी बोलणं हे ‘विद्यापीठीय’ ठरतं का, की ते समाजशास्त्रवाल्यांचं काम?

मोडीवाचक

देवस्थानांचे ग्रंथ म्हणजे दप्तर. सनदा, नेमणुका, पूजेचा आणि नैवेद्याचा खर्च, गुरव-पुजाऱ्यांचे हक्क, त्यावरचे तंटे. गायकवाडांचा कारभार मराठीत आणि मोडीत चालला, त्यामुळे बडोद्याचं दप्तर वाचायला गुजराती विद्यार्थी अडतात आणि मराठी विद्यार्थी ते वाचत नाहीत. ही जागा रिकामी आहे, ताई. घ्या.

मोडीची मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात, हात बसायला सहा महिने. छापील मोडी वाचता आली म्हणजे दप्तर वाचता आलं असं नाही. र्‍हस्व-दीर्घ पाळलेले नसतात, शब्द तोडलेले नसतात, शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं लटकवलेली असतात. एकाच कारकुनाचे निदान वीस कागद सलग वाचा. दर वेळी नवा हात घेतला तर प्रत्येक कागदाला पहिल्यापासून सुरुवात.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त प्रबंध इथेच घसरतात.

मराठी कागदात बहुधा शुहूर सन (मराठी कारभारात चालणारी सौर कालगणना) असतो आणि तोही अरबी संख्याशब्दांत: ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे, ‘मयातैन व अलफ’ म्हणजे बाराशे. एकं-दहं त्यांच्या आधी येतात. शुहूर सन मृगाला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. पानिपतची लढाई शुहूर ११६१, जानेवारी, म्हणून १७६१. ‘छ’ असं लिहून पुढे आकडा आणि मुसलमानी महिना आला की ती चांद्र तारीख. ‘छ’ला अक्षर समजून नावात घुसवलेली छापील उदाहरणं आहेत.

त्याच देवस्थानाचा गुजराती कागद हातात आला तर विक्रम संवत. तोही गुजरातेत कार्तिकापासून, उत्तरेत चैत्रापासून. कार्तिक ते डिसेंबर दोन्हीकडे ५७ वजा होतात, जानेवारी ते फाल्गुन दोन्हीकडे ५६. घोळ चैत्र ते आश्विन या सात महिन्यांचा: गुजराती पद्धतीने ५६ वजा करायचे, उत्तरेच्या पद्धतीने ५७. म्हणजे ‘संवत १७०० वैशाख’ हे सुरतेत लिहिलं असेल तर १६४४, जयपुरात लिहिलं असेल तर १६४३. जैन पोथ्या तर गुजरात आणि राजस्थान दोन्हीकडे फिरायच्या, लेखनिक कुठला हे पुष्पिकेतून (पोथीच्या शेवटच्या नोंदीतून) शोधावं लागतं. शिवाय उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे आणि गुजरातेत अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. वार दिलेला असेल तर सोनं. तिथी आणि वार जुळतो का ते पंचांगाच्या कोष्टकावरून पाहा, दोन पर्यायांतला एक बहुधा गळून पडतो.

देवनीमोरी हे नाव घेऊन इथे कुणी आहेतच, तर तेच उदाहरण. शामळाजीजवळच्या देवनीमोरीतल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन सयाजीराव विद्यापीठाने १९६० च्या दशकात केलं. अस्थिकरंडकावर कथिक राजांचं १२७ वं वर्ष आहे. ते शक संवताचं मानलं तर इ.स. २०५, कलचुरी संवताचं मानलं तर चौथ्या शतकाचा शेवटचा पाव. गुजरातेतल्या बौद्ध कलेचा अख्खा क्रम या पावणेदोनशे वर्षांच्या फरकाने हलतो. म्हणून टिपणात मूळ आकडा जसाच्या तसा लिहा, रूपांतर त्याच्या शेजारी, आणि कुठली पद्धत धरली ते. फक्त इसवी सन लिहून ठेवला की दोन वर्षांनी तपासायला काहीच उरत नाही.

देवनीमोरी

जैन पोथ्यांसाठी एक पुरवणी. जुन्या जैन नागरीत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसते, अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून येते. पडिमात्रा म्हणतात. नवा वाचक ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजतो, आणि ‘न के’ चं ‘ना क’ होतं. ‘त्थ’ आणि ‘च्छ’, ‘व’ आणि ‘च’ यांचीही अशीच गल्लत. पहिली दहा पानं कुणा जाणत्यासमोर मोठ्याने वाचा, म्हणजे डोळा तयार होतो.

वरघोडा

लोकांशी बोलणं हे विद्यापीठीय ठरतं का, या प्रश्नाचं उत्तर: ठरतं, पण गप्पा मारून आल्यावर नव्हे.

समजा देवउठी एकादशीचा विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, घेतली. एक जण पालखीबरोबर चालतो आणि ‘भाविकांचा मोठा उत्साह होता’ असं लिहून येतो. त्याला शून्य किंमत. पालखीला खांदा कुणाचा पहिला, पुढे कोण, बँड कुणाच्या पैशाचा, वाटेत कुठल्या दारांत थांबते आणि कुठल्या नाही, आरती मराठीत की गुजरातीत आणि कुठे बदलते, बायका कुठे उभ्या राहतात, हे वेळेसकट लिहा. मग गेल्या वर्षांचे हिशेब आणि पत्रिका मागा. थांबा बदलला असेल तर त्यामागे जवळपास नेहमी पैसा, वाद किंवा रस्तारुंदी असते, पण सांगताना मात्र ‘परंपरेने असंच आहे’ म्हणतात. ते वाक्यही टिपून ठेवायचं, खोटं म्हणून नव्हे, तर परंपरा कशी सांगितली जाते याचा पुरावा म्हणून.

संमती प्रत्येकाची आणि आधी. विश्वस्तांची लेखी, बाकीच्यांची निदान ध्वनिमुद्रणावर. नावं बदलून लिहिणार असाल तर तसं सांगा. पण बडोद्यासारख्या शहरात ‘अमुक देवळाचे पुजारी’ म्हटलं की माणूस कळतोच, तेव्हा नाव बदलणं पुरत नाही, नाजूक माहिती गाळावी लागते. तासाभराच्या मुलाखतीच्या लेखी नकलेला पाच-सहा तास जातात. म्हणून एम.ए.च्या लघुप्रबंधाला आठ-दहा मुलाखती भरपूर. तीस घेतल्या की वीस तशाच पडून राहतात.

तुम्ही मराठी, घरची माणसं त्याच देवळात जाणारी, याचा फायदा आहे तसा तोटाही. जे तुम्हाला उघड वाटतं ते तुम्ही विचारतच नाही. सोवळं म्हणजे इथे नेमकं काय काय, गाभाऱ्यात कोण जातो, हे परक्यासारखं विचारा. तुम्ही स्वतः मानता की नाही, हे लिहिताना बाजूला ठेवायचं. विचारलं तर खरं सांगायचं, दडवलेलं नंतर कळलं की दारं बंद होतात.

एक पुस्तक सुचवायचं तर रा. चिं. ढेऱ्यांचं विठ्ठलावरचं, १९८४ चं. निष्कर्ष सगळे पटायची गरज नाही. स्थलपुराण, लोकगीतं, शिलालेख आणि मूर्ती ते एकमेकांसमोर कसे उभे करतात ते बघण्यासाठी वाचा. दुसऱ्या टोकाला जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर, खंडोबा-बिरोबा-म्हसकोबावर, धनगरांमध्ये राहून केलेलं काम. गायकवाडांचं कुलदैवत खंडोबा, तेव्हा ते तुमच्या वाटेवरच आहे.

पोथीपान

तत्त्वज्ञानाचा आग्रह मागे घेतो. तिचा विषय दप्तराचा असेल तर इतिहासातच एम.ए. करावं आणि संस्कृत वा प्राकृताचे जोडविषय घ्यावेत. पण सिद्धांताला अगदीच फाटा देऊ नका. डर्कहाइम, वेबर, निनियन स्मार्ट या धर्माच्या सिद्धांतकारांपैकी एक तरी पूर्ण वाचलेला हवा. स्मार्टची सात अंगं, म्हणजे आचार, कथा, अनुभव, संस्था, नीती, सिद्धांत आणि वस्तू, क्षेत्रकामाच्या वहीला रकाने म्हणून चांगली चालतात. निष्कर्ष म्हणून चालत नाहीत. ‘या देवस्थानात सातही अंगं आढळतात’ हे वाक्य प्रत्येक देवस्थानाला लागू पडतं, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही.

आणि हा विषय बडोद्याला नवा नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकले, कार्पेंटरांकडे, आणि त्यांच्या शिक्षणाला सयाजीरावांची मदत होती. पुढे आल्बन विजरी या इंग्रज तत्त्वज्ञांना महाराजांनी धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी बडोद्यात आणलं. १९१५ मध्ये संस्थानाने पुरोहितांना परीक्षा सक्तीची करणारा कायदा केला. त्यावर लोकांचे अर्ज, तक्रारी, परीक्षांचे कागद, हे सगळं शोधण्यासारखं. मोडीवाचक, हा लघुप्रबंधाचा विषय होईल ना?

मोडीवाचक

होईल, पण ‘बडोदा संस्थान आणि धर्म’ असं नाव दिलं तर होणार नाही. एक कायदा, एक तालुका किंवा शहर, दहा-पंधरा वर्षं. ‘१९१५ ते १९३० या काळात बडोदे शहरातल्या पुरोहितांनी परीक्षेला कसा प्रतिसाद दिला’ एवढंच. आराखडा हजार-दीड हजार शब्दांचा: प्रश्न एका वाक्यात, आजवर कुणी काय लिहिलं, साधनं कुठे आहेत आणि त्यांची भाषा-लिपी तुम्हाला येते का, पद्धत, कामाचे महिने. मुलाखतीत सगळ्यात आधी साधनांवर बोट ठेवतात. ‘दप्तरखान्यात मिळेल’ हे उत्तर नव्हे. एक तरी फाइल स्वतः उघडून, तिचा क्रमांक आणि पहिल्या कागदाची तारीख लिहून न्या.

दप्तरखाना असो की हस्तलिखितांचा संग्रह, विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि हवी ती सूची-क्रमांकांसह मागणी घेऊन जा. ‘धर्माविषयी काही दाखवा’ म्हटलं की कुणीही काही दाखवत नाही. छायाचित्रांचे नियम आणि दर जागेवर विचारा, आणि छापायची परवानगी ही वेगळी असते हे विसरू नका.

टीवाय_रावपुरा

पुरोहित कायद्याचं डोक्यात बसलं. एक शेवटचं: प्रबंधात श्लोक आणि मोडी कागद भरपूर उद्धृत केले तर साम्य-तपासणीत (वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या) अडकेल का?

पोथीपान

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, आणि संदर्भ देऊन केलेलं उद्धरण त्यात धरत नाहीत. सॉफ्टवेअरला मात्र ते आपोआप कळेलच असं नाही, म्हणून उद्धरणं अवतरणचिन्हांत, वेगळ्या परिच्छेदात आणि क्रमांकासह द्या. अहवाल आल्यावर मार्गदर्शकांना ती वगळून पुन्हा काढायला सांगता येतो. मोडी कागदाचं देवनागरी लिप्यंतर परिशिष्टात टाका, मुख्य मजकुरात लागेल तेवढ्याच ओळी.

मोडीवाचक

आणि लिप्यंतरात मूळ शुद्धलेखन सुधारू नका. न लागलेलं अक्षर असेल तिथे चौकट सोडा.